गतिनाथ महाराजांचं लिंबू

फाल्गुन अमावास्येच्या सकाळी सोलापूर-अक्कलकोट रस्त्यालगतच्या एका मोकळ्या रानात पन्नासेक गाड्या रांगेनं उभ्या होत्या. टुरिस्टच्या पांढऱ्या गाड्या, डॉक्टरांच्या चकचकीत मोटारी, एक शाळेची व्हॅन. सगळ्यांचं दुखणं एकच होतं. स्टिअरिंगसमोर, वेगाच्या काट्याशेजारी, इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता आणि तो विझत नव्हता.

रानाच्या मधोमध पत्र्याचा मठ. मठासमोर भगव्या कफनीतले गतिनाथ महाराज हातात माईक घेऊन उभे.

"यंत्र म्हंजे नुसतं लोखंड न्हाय," महाराज सांगत होते. "त्याच्या पोटात अग्नी हाय, नळीत वायू हाय, टाकीत जल हाय. पंचमहाभूतांतली तीन हितंच जमली. मग चौथं भूत बसायला किती येळ लागतोय? गॅरेजवाला पाना लावतोय. पान्यानं नट निघतोय, भूत न्हाय निघत."

लोक हसले, पण हात जोडूनच हसले.

रांगेत नववी गाडी शिवपुत्र पाटणेची होती. अक्कलकोट आणि गाणगापूरला भाविकांना नेण्या-आणण्याचा त्याचा धंदा, आणि ही सात जणांची पेट्रोल गाडी म्हणजे त्याचं सगळं काही. मागच्या सीटवर त्याची आई काशम्मा आणि नऊ वर्षांची मुलगी आरोही बसल्या होत्या. पुढं, त्याच्या शेजारी, थोरली बहीण दाक्षायणी. ती सोलापुरातच एका आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवायची. गेली सतरा वर्षं तिचे हात ग्रीसमध्ये होते. ती आली होती ते केवळ शिवपुत्रनं हट्ट धरला म्हणून. "अक्का, एकदा डोळ्यानं बघ, मग बोल," तो म्हणाला होता.

महाराजांच्या पुढं त्यांचा पट्टशिष्य प्रभु चालायचा. तो प्रत्येक गाडीचं दार उघडे, "इंजिन चालू राहू द्या" म्हणे, आणि लाल फडक्याची एक पुरचुंडी स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, आत कुठंतरी अडकवून ठेवी. पुरचुंडीतून हळद लावलेल्या लिंबाचं टोक दिसायचं. मग महाराज बॉनेटवर तळवा ठेवून डोळे मिटायचे. प्रभु बाजूला उभा राहून मोबाईलवर मंत्राची ध्वनिफीत लावायचा.

शिवपुत्रच्या गाडीवर महाराजांनी तळवा ठेवला. मिनिटभर मंत्र चालला. आणि दिवा विझला.

"बघ की गं दाक्षा," मागून काशम्मा म्हणाली. "इझला की." तिनं बोटं कानशिलावर मोडली.

रानात जयघोष झाला. प्रभुनं पुरचुंडी काढून घेतली. उतारा परत घ्यावा लागतो, म्हणाला. वर महाराजांची आज्ञा सांगितली. आता या गाडीला कुणी हत्यार लावायचं नाही. हत्यार लागलं की कृपा उडते.

दाक्षायणीला एवढंच ठाऊक होतं की तळव्यानं दिवा विझत नाही. परतताना ती म्हणाली, "शिवू, तो दिवा उगीच लागत नाही. बहुतेक ऑक्सिजन सेन्सरचा लागला असेल. सोमवारी वर्कशॉपला आण, वर चढवून बघू."

"बरं अक्का," तो म्हणाला.

सोमवार गेला. दाक्षायणीच्या मुलांच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या. तिनं पुन्हा विचारलं नाही.

दिवा आठवड्याभरात परत लागला. शिवपुत्र परत मठात गेला, परत विझला. चैत्रात आणखी एकदा तसंच झालं. एकदा आरोही आत्याकडं आली असताना सहज म्हणाली, "आत्या, आमच्या गाडीत बसलं की माझं डोकं लई दुखतंय. आजीचं बी." शिवपुत्रनं ते महाराजांना सांगितलं होतं. महाराज म्हणाले होते, दोष बाहेर पडतोय, पडू द्या. दाक्षायणीनं मात्र ते उन्हावर लोटलं. सोलापुरातल्या एप्रिलमध्ये कुणाचं डोकं दुखत नाही?

मे महिन्यात नातेपुत्याला शिवपुत्रच्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी दिवा पुन्हा लागला. लांबचा पल्ला, म्हणून तो मठात जाऊन आला. दिवा विझवून आला आणि सकाळी आईला, बायकोला, मुलीला घेऊन निघाला.

दुपारी दोन वाजता पंगत उठली. ऊन चव्वेचाळीसच्या पुढं. मंगल कार्यालयातले पंखे गरम हवाच फिरवत होते आणि काशम्माला घेरी आल्यासारखं झालं. मागच्या बाजूला तीन अंगांनी बंद असलेली पत्र्याची शेड होती, गाडी तिथं सावलीला लावलेली. शिवपुत्रनं गाडी सुरू केली, एसी लावला, आई आणि आरोहीला मागं बसवलं. "दार नीट लाव गं, गार हवा जाती," असं मुलीला सांगून तो मांडवात गेला.

अर्ध्या तासानं आरोही दार उघडून बाहेर आली आणि भिंतीपाशी भडाभडा ओकली. तिची आई धावली. जेवण बाधलं असेल, म्हणाली. तिनं मुलीला कार्यालयात नेऊन निजवलं. आरोही म्हणाली, "आजी झोपलीय." गाडीचं दार पुन्हा लावलं गेलं. म्हातारीला झोप लागलीय, गार हवेत पडू द्या, असं म्हणून पुढचा तास-दीड तास कुणी तिकडं गेलं नाही.

साडेचारला शिवपुत्र आईला उठवायला गेला.

काशम्माचा चेहरा गुलाबी होता. इतका टवटवीत की तो तिला दोनदा हलवून "अव्वा, चल की" म्हणाला. तिसऱ्यांदा हात लावल्यावर त्याला कळलं.

लोक उन्हाचा झटका म्हणाले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना तसं वाटलं नाही. रक्त नको इतकं लालभडक होतं. त्यांनी नमुना तपासायला पाठवला. अहवाल आठ दिवसांनी येणार होता.

गतिनाथ महाराज तिसऱ्याच दिवशी घरी आले. काशम्माच्या फोटोसमोर बसले आणि सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "माउलीनं यंत्राचा दोष सोताच्या अंगावर घेतला. घेतला नसता तर त्यो नातीला लागला असता. ही मरण न्हाय पावली, हिनं दान दिलं. हिचा फोटो मठात लागंल."

बायका रडल्या. शिवपुत्र महाराजांच्या पायांवर पडला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला जेवण गेलं. कोपऱ्यात बसलेली दाक्षायणी त्याच्याकडं पाहत होती. त्या खोट्या गोष्टीला धरूनच आपला भाऊ उभा आहे, हे तिला दिसत होतं.

अहवाल आला. कार्बन मोनॉक्साईड. इंजिनात पेट्रोल नीट जळालं नाही की तयार होणारा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासातून रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावून बसतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते.

दाक्षायणीला आरोहीचे 'डोकं दुखतंय' हे शब्द आठवले आणि तिला बसवेना. ती उभ्यानंच अहवाल वाचत राहिली.

पंचनामा झाल्यावर गाडी ट्रकवर चढवून घरी आणली होती. शिवपुत्र ती मठाला अर्पण करणार होता. "एक दिवस मला दे," दाक्षायणी म्हणाली. त्यानं खांदे उडवले. गाडी दुसऱ्या ट्रकवरून वर्कशॉपला आली. शेडचे दोन्ही दरवाजे उघडे टाकून तिनं आणि तिचे सहकारी मुकुंद कुलकर्णी यांनी काम सुरू केलं.

आधी गाडीच्या संगणकाला विचारायचं. त्याला दोषाच्या नोंदी वाचणारा वर्कशॉपचा स्कॅनर जोडायचा असतो, आणि त्याची खाच असते स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी. दाक्षायणी पायदानावर गुडघे टेकून वाकली, हात आत घातला आणि तशीच थांबली. प्रभुचा हात याच जागी जायचा.

तिनं विजेरी लावून पाहिलं. खाचेच्या कडेला हळद होती. आतल्या बारीक भोकांच्या तोंडाशीही पिवळी पूड चिकटली होती.

"मुकुंदराव, हे बघा," ती म्हणाली. "लिंबाबरोबर पुरचुंडीत अंगठ्याएवढा स्कॅनर असणार. असले बाजारात कुठंही मिळतात, बिनतारी मोबाईलला जोडले जातात. मोबाईलवर एक बटण दाबलं की दोषाची नोंद पुसली जाते. नोंद पुसली की दिवा विझतो."

"आणि मंत्राच्या निमित्तानं मोबाईल हातात," मुकुंदराव म्हणाले. "हा प्रभु पूर्वी सात रस्ता चौकात मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर बसायचा. मी पाहिलंय त्याला."

स्कॅनर जोडला. संगणक आणखी एक गोष्ट लक्षात ठेवतो, ती पुसणाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती. नोंदी पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, ते. आकडा होता मठापासून घर आणि घरापासून नातेपुते, एवढ्याच अंतराचा. आणि त्या एवढ्याशा प्रवासात दोषाची कच्ची नोंद पुन्हा झालीही होती. पक्की होऊन दिवा लागायला तिला आणखी एखादी फेरी हवी होती.

मग त्यांनी गाडी वर चढवली. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, इंजिनाजवळच, बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर स्क्रूसारखा बसवलेला असतो. तो म्हणजे गाडीचं नाक. धुरात किती प्राणवायू उरला ते हुंगून तो संगणकाला सांगतो, आणि संगणक त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. दाक्षायणीनं त्याच्या वायरची चिमटी सोडवली, खाचेचा पाना लावला, सेन्सर हळूहळू फिरवून बाहेर काढला. त्याचं टोक काजळीनं काळं ठिक्कर होतं. आणि सेन्सरच्या वर दोन बोटांवर नळीचा जोड तडकला होता. तड्याभोवती काळ्या धुराची नक्षी उमटली होती.

आता सगळं उलगडलं. नळीतून धूर झटक्याझटक्यानं जातो; दोन झटक्यांच्या मध्ये तड्यातून बाहेरची हवा आत ओढली जायची. नाकाला वाटायचं, प्राणवायू जास्त आहे. संगणक पेट्रोल वाढवायचा. पेट्रोल जास्त झालं की ते अर्धवट जळायचं आणि विषारी वायू तयार व्हायचा. पुढच्या झटक्यासरशी त्याच तड्यातून बाहेर पडून तो इंजिनाच्या खोलीत साचायचा, आणि एसीसाठी बाहेरची हवा ओढणारी झडप उघडी असल्यानं थेट माणसांच्या तोंडावर यायचा. गाडी धावत असली की वाऱ्यानं बराचसा उडून जाई. बंद शेडमध्ये उभ्या गाडीत तो उडून जाणार कुठं?

पिवळा दिवा हे सगळं दीड महिना सांगत होता.

संध्याकाळी शिवपुत्र आला. दाक्षायणीनं त्याला गाडीखाली उभं केलं, तडा दाखवला, हळद दाखवली, आकडा दाखवला. शेवटी तो म्हणाला,

"महाराज म्हणले, अव्वानं आरोहीसाठी जीव दिला."

"आरोही वाचली कारण तिला मळमळलं आणि ती दार उघडून बाहेर आली."

"अक्का, सरळ सांग. अव्वाला मी मारलं का?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. तिच्या ओठांवर आलंही होतं.

"गाडी बोलत होती, शिवू," ती म्हणाली. "तू तिचं तोंड दाबणाऱ्याकडं घेऊन गेलास. आणि मला कळत होतं तरी मी 'सोमवारी आण' म्हणून गप्प बसले. पोरगी डोकं दुखतंय म्हणाली, ते मी उन्हावर लोटलं. हे आपल्या दोघांचं आहे. पण एक लक्षात घे. नोंद पुसायच्या आधी ती मोबाईलवर दिसते. चार वेळा त्या प्रभुला दोष दिसला. त्याचा अर्थ त्याला कळला नसेलही. पण काहीतरी बिघडलंय आणि आपण ते झाकतोय, एवढं त्याला चारही वेळा ठाऊक होतं."

शिवपुत्र गाडीखालून बाहेर आला. नळावर तोंड धुतलं. गाडीची किल्ली न मागताच चालत निघून गेला. पुढचे चार दिवस त्यानं बहिणीचा फोन घेतला नाही.

वैशाख अमावास्येला मठासमोर रांग आणखी लांब होती. मठाच्या दारात काशम्माचा हार घातलेला फोटो होता. रांगेत पाणी वाटणाऱ्या सेवेकऱ्यांत दाक्षायणीला शिवपुत्र दिसला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

ती मुकुंदरावांच्या गाडीत बसून आली होती. दिवा लागलेला होता. तो का लागलाय हे दोघांनाच माहीत होतं. सकाळी तिनं स्वतः ऑक्सिजन सेन्सरची वायर सोडून ठेवली होती.

प्रभु आला. काशम्माची मुलगी म्हणून तिला वाकून नमस्कार केला, पुरचुंडी अडकवली, मोबाईलवर मंत्र लावला. महाराजांनी तळवा ठेवला. दिवा विझला. जयघोष झाला.

दाक्षायणी खाली उतरली. "महाराज, गाडी बरी झाली का?"

"झाली, माय."

"काय झालं होतं तिला?"

"दोष होता. गेला."

तिनं बॉनेट उघडलं आणि जवळच्या लोकांना बोलावलं. इंजिनाशेजारी वायरीचं टोक मोकळं लोंबत होतं. "ही वायर मी सकाळी काढली. अजून तशीच आहे. मग महाराजांनी काय बरं केलं?"

मुकुंदरावांनी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. काही झालं नाही. रांगेतून कुणीतरी हसलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. पिवळा दिवा परत आला. हसणारा गप्प झाला.

"ज्या गाडीत श्रद्धा न्हाय, तितं कृपा टिकत न्हाय," महाराज माईकवर म्हणाले.

"पुढच्या गाडीत श्रद्धा आहे ना?" दाक्षायणीनं विचारलं. पुढं ती शाळेची व्हॅन होती. तिनं पिशवीतून आपला छोटा स्कॅनर काढला, सगळ्यांना दाखवला, व्हॅनच्या स्टिअरिंगखाली लावला, मोबाईलवर बोट टेकवलं. व्हॅनचा दिवा विझला. "मी मंत्र म्हटला नाही. आंघोळ केलीय, एवढंच."

प्रभुनं तोवर मुकुंदरावांच्या गाडीतून पुरचुंडी काढली होती आणि तो मठाकडं सरकत होता. त्याचं मनगट कुणीतरी धरलं. शिवपुत्र होता.

"दाखव," तो म्हणाला.

"शिवपुत्रदा, महाराजांचा प्रसाद आहे तो."

"मी चारदा घेतलाय प्रसाद. आत काय हाय ते दाखव."

त्यानंच फडकं सोडलं. लिंबू मातीत पडलं. तळहातावर अंगठ्याएवढी काळी डबी राहिली, तिच्यावर निळा ठिपका लुकलुकत होता. शिवपुत्र ती वळवून वळवून पाहत राहिला. मग त्यानं मठाच्या दारातला आईचा फोटो उतरवला, त्यावरचा हार काढून पायरीवर ठेवला आणि फोटो छातीशी धरून उभा राहिला. महाराज माईक ठेवून आत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

गर्दी पांगेल, चिडेल, निदान ओरडेल असं दाक्षायणीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. रांगेतला एक जण पुढं आला, चांगला शिकलेला दिसत होता, आणि हळूच म्हणाला, "बाई, मग तुम्हीच विझवा की आमचा दिवा. तुमच्याकडं मशीन आहेच."

त्याच्यामागं आणखी चार-पाच जण येऊन उभे राहिले.

दाक्षायणीनं मोबाईल पिशवीत टाकला. इतकं सगळं दाखवून यांना एवढंच कळलं होतं, की दिवा विझवणारं माणूस बदललं.

"इझवायचा न्हाय त्यो," शिवपुत्र म्हणाला. "मी इझवून घेतला. चार वेळा. ही माझी आई." त्यानं फोटो त्या माणसाच्या समोर धरला. "नळीला तडा होता. दिवा तेच सांगत होता. मी त्याला गप्प केलं आणि माझ्या हातानं आईला गाडीत बसवून दार लावलं. हिनं काय दान-बिन दिलं न्हाय. हिला मरायचं नव्हतं."

तो माणूस मान खाली घालून गाडीत बसला आणि गाडी शहराच्या दिशेनं वळवली. त्याच्यामागं आणखी काही वळल्या. काही मात्र कडी लागलेल्या दाराकडं तोंड करून तशाच उभ्या राहिल्या.

दुपारी बहीण-भाऊ पोलीस ठाण्यात गेले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायची होती. काळी डबी, वैद्यकीय अहवाल, तडकलेला जोड आणि काजळलेला सेन्सर टेबलावर ठेवला. हवालदार हिंदुराव जबाब लिहून घेत होते. शिवपुत्र सांगत गेला. दिवा पहिल्यांदा कधी लागला, बहिणीनं काय सांगितलं, आपण का ऐकलं नाही.

"हे कशाला लिहायचं?" हिंदुराव पेन थांबवून म्हणाले. "उद्या तुमच्यावरच यायचं."

"येऊ द्या की. खरं हाय ते."

हिंदुरावांनी दाक्षायणीकडं पाहिलं. तिनं मान डोलावली. त्यांनी लिहिलं.

"आणखी काही?"

"व्हय," शिवपुत्र म्हणाला. "लिहा. यंत्रानं सांगितलं तर ऐका. ज्याला यंत्र कळतंय त्याला दाखवा. आणि कुणी हात न लावता बरं केलं म्हणला, तर त्याला विचारा, नेमकं काय बदललं. उत्तर देता आलं न्हाय तर तितनं उठून या."

"हे जबाबात येत नाही हो."

"तरी लिहा."

हिंदुरावांनी कागद सरळ केला आणि, एकेक शब्द पुन्हा विचारत, लिहायला लागले.